भांडण नेमके कोणत्या पहिल्या अल्बमचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रीन डे या कॅलिफोर्नियातील पॉप-पंक (पंकचा आक्रमकपणा आणि पॉपच्या सुरेल चाली यांचा मेळ) बँडच्या पहिल्या अल्बमविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख आणि त्यानंतर वाचकांच्या पत्रांतून उमटलेले त्याचे पडसाद मी लक्षपूर्वक वाचले. पत्रलेखकांचे सरळ दोन तट पडलेले दिसतात. एका तटाचे म्हणणे असे की, हा अल्बम म्हणजे मिसरूड फुटलेल्या मुलांची प्रेमातली रडगाणी असून त्यात पंकचा संताप नाही आणि संगीतही नाही. तीन कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वरसमूह) आणि गोंगाट यापलीकडे त्यात ऐकण्यासारखे काही नाही. दुसऱ्या तटाला हाच त्या बँडचा एकमेव प्रामाणिक अल्बम वाटतो, आणि त्यापुढचे सारे त्यांच्या लेखी निव्वळ धंदा आहे. मार्च २०२५ मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापालूझा महोत्सवात हा बँड वाजवून गेला, पुण्याहूनही श्रोते त्यासाठी गेले, आणि तेव्हापासून या जुन्या वादाला इथे नवी धार आली आहे. वाद व्हावा, त्याबद्दल तक्रार नाही. पण ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात असल्यामुळे मला हे सांगावेसे वाटते की, दोन्ही तटांचे बरेचसे बोलणे त्या तबकडीत ऐकू येणाऱ्या गोष्टींविषयी नाहीच.

पहिला घोळ तर ‘पहिला अल्बम’ कोणता येथपासून आहे. ‘३९/स्मूथ’ हा ग्रीन डेचा पहिला अल्बम एप्रिल १९९० मध्ये लुकआउट या छोट्या कंपनीने काढला. त्यात दहा गाणी असून तो अर्ध्या तासाच्या आसपास संपतो. १९९१ मध्ये त्याच कंपनीने ही दहा गाणी, तोवर निघालेल्या ‘१,००० अवर्स’ आणि ‘स्लॅपी’ या दोन ईपींमधली (चार-चार गाण्यांच्या छोट्या तबकड्यांमधली) आठ गाणी आणि एका संकलनासाठी दिलेले एक गाणे असा एकोणीस गाण्यांचा संच काढला, आणि नावांचीही बेरीज करून त्याला ‘१,०३९/स्मूद्ड आउट स्लॅपी अवर्स’ असे नाव दिले. आज मोबाइलवर ऐकणाऱ्यांपैकी अनेकांच्या वाट्याला हा संचच येतो. शिवाय तिसरा एक मोठा वर्ग असा आहे की, ज्याच्यासाठी ग्रीन डेची सुरुवात फेब्रुवारी १९९४ मधल्या ‘डुकी’पासून होते, तो बँडचा तिसरा अल्बम असला तरी मोठ्या कंपनीकडून आलेला पहिला होता, आणि भारतातल्या अनेकांनी हे नाव तेव्हाच प्रथम ऐकले.

आता आपल्याकडे आलेली पत्रे या नजरेने पुन्हा वाचावीत. एका वाचकाने अल्बम ‘कंटाळवाणा लांबलेला’ असल्याचे लिहिले आहे. अर्ध्या तासाच्या अल्बमविषयी ही तक्रार समजण्यासारखी नाही, पण एकोणीस गाणी सलग ऐकली असतील तर ती अगदी रास्त आहे. दुसऱ्या एका पत्रात ज्या गाण्याची स्तुती करून ‘या मुलांकडे सामाजिक भान होते’ असा निष्कर्ष काढला आहे, ते ‘नॉलेज’ हे गाणे मुळात याच बँडचे नाही. ते ऑपरेशन आयव्ही या बर्कलीच्या बँडचे असून ग्रीन डेने ते ‘स्लॅपी’मध्ये वाजवले होते आणि तेथून ते संचात आले. तिसऱ्या पत्रात ध्वनिमुद्रणाच्या सफाईचे कौतुक आहे, ते उघडच ‘डुकी’चे आहे. एकाच मैफलीला बसून दोघांचे मत वेगळे पडले तर त्याला मतभेद म्हणता येईल. येथे श्रोते तीन वेगवेगळ्या मैफलींतून उठून आले आहेत.

‘गोंगाट’ या आक्षेपाकडे जरा थांबून पाहायला हवे. ‘३९/स्मूथ’चे ध्वनिमुद्रण १९८९ सालाच्या अखेरच्या आणि १९९० च्या पहिल्या काही दिवसांत, सॅन फ्रान्सिस्कोतील आर्ट ऑफ इअर्स या स्टुडिओत, अँडी अर्न्स्ट यांच्या देखरेखीखाली झाले, आणि एकूण खर्च हजार डॉलरच्याही आतला होता. एवढ्या पैशांत आणि एवढ्या वेळात काय होते हे आमच्या व्यवसायातला कोणीही सांगेल. वाद्ये जवळजवळ सलगच वाजवून घेतली जातात, चुकलेला तुकडा पुन्हा घेण्याची चैन फारशी परवडत नाही, ड्रमचा प्रत्येक भाग वेगळा उठवत बसायला सवड नसते, आणि मिक्सिंग उरकावे लागते. म्हणूनच या अल्बमवर स्नेअर (ठेक्यातला मुख्य ठोका देणारा ड्रम) थोडा बोदा वाजतो, बेस अनेकदा गिटारखाली दबतो आणि आवाज जरा मागे उभा असल्यासारखा वाटतो. हे दोष आहेत, आणि त्यांनाच ‘कच्चेपणातला अस्सलपणा’ म्हणून मिरवणाऱ्या दुसऱ्या तटाशी मी सहमत नाही. त्या मुलांकडे अधिक पैसे असते तर त्यांनी स्नेअर नक्कीच नीट करून घेतला असता.

पैशाने काय बदलते आणि काय बदलत नाही हे ज्यांना खरोखर तपासायचे असेल त्यांनी ‘वेलकम टू पॅराडाइज’ हे गाणे ऐकावे. ते आधी ‘कर्प्लंक’ या दुसऱ्या अल्बमवर, छोट्या कंपनीच्या तुटपुंज्या खर्चात आले, आणि मग रॉब कॅवॅलो या निर्मात्याबरोबर ‘डुकी’साठी पुन्हा ध्वनिमुद्रित झाले. दुसऱ्या खेपेला गिटार भरदार झाली आहे, बेस सुटा ऐकू येतो, ड्रमला धार आहे. चाल, शब्द आणि आवेश मात्र जसेच्या तसे आहेत.

‘तीन कॉर्ड’ या टोमण्याविषयी थोडे तपशिलाने लिहितो, कारण आपल्याकडच्या संगीताची सवय असलेल्या वाचकाला ही गोष्ट चटकन कळेल. या शैलीत गिटारवर जे वाजते त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात, आणि त्यात षड्ज आणि पंचम एवढेच स्वर असतात, फार तर वरचा षड्ज. गंधार मुद्दाम गाळलेला असतो. त्याचे कारण अडाणीपणा नसून ध्वनिशास्त्र आहे. गिटारचा आवाज डिस्टॉर्शनमधून, म्हणजे तो मुद्दाम फाटका करणाऱ्या यंत्रणेतून, नेला की दोन स्वरांच्या मिश्रणातून नवे, उपरे स्वर तयार होतात. षड्ज-पंचमाचे नाते साधे असल्यामुळे हे उपरे स्वर मूळ स्वरांशी जुळून बसतात आणि आवाज भक्कम होतो. गंधार मिसळला की तोच आवाज चिखल होऊन जातो. त्यामुळे गिटार एका परीने तंबोऱ्याचे काम करते, आणि गाणे प्रसन्न आहे की उदास हे ठरवणारा गंधार गायकाच्या गळ्यातून यावा लागतो. पॉप-पंकमधला ‘पॉप’ आहे तो येथेच. गळा कमकुवत असेल तर सगळी इमारत कोसळते. बिली जो आर्मस्ट्राँग आणि माइक डर्न्ट हे दोघेही ध्वनिमुद्रणाच्या वेळी सतरा वर्षांचे होते, आणि त्या वयातही ‘गोइंग टू पासालाक्वा’सारख्या गाण्यात मुख्य आवाज आणि साथीचा आवाज ज्या समजुतीने एकमेकांना धरून चालतात, ती ऐकल्यावर ‘संगीत नाही’ असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

गाणी तीन मिनिटांची आहेत म्हणून ती उथळ ठरवणाऱ्या ज्येष्ठ पत्रलेखकांना ७८ आरपीएमच्या तबकड्यांची आठवण करून देणे मला आवश्यक वाटते. तीन-साडेतीन मिनिटांत राग उभा करणाऱ्या त्या तबकड्यांना या शहरात अजूनही कोणी उथळ म्हणत नाही.

राहिला प्रश्न प्रेमगीतांचा. पंक म्हणजे सेक्स पिस्टल्स किंवा क्लॅश हे ब्रिटिश बँड, म्हणजे राजकारण आणि राग, अशी समजूत करून घेतल्यावर वाचनालयात दिसलेल्या मुलीशी बोलायचे धाडस न झालेल्या मुलाचे गाणे पहिल्याच क्रमांकावर ठेवणारा अल्बम खोटा वाटणारच. परंतु पंकमध्ये दुसरी धारही पहिल्यापासून वाहते आहे. न्यूयॉर्कच्या रमोन्सच्या १९७६ मधल्या पहिल्याच अल्बमवर मुलीला ‘माझी हो’ म्हणून विनवणारे गाणे आहे. मँचेस्टरच्या बझकॉक्सची कीर्ती तर फसलेल्या प्रेमाच्या गाण्यांवरच उभी आहे. आणि कॅलिफोर्नियातल्या डिसेंडंट्सने १९८२ च्या पहिल्या अल्बमवर पोरवयातली चीड आणि मुलींविषयीचा गोंधळ एकत्र मांडला. ग्रीन डे या घराण्यातले आहेत. तेव्हा तुमचे विषयच चुकले असे त्यांना सांगण्यापेक्षा, त्या विषयावर तुम्ही पुरेसे चांगले लिहिले का, हे विचारणे अधिक न्याय्य ठरेल. आणि तसे विचारले तर उत्तर फारसे अनुकूल येत नाही, हे मीही मान्य करतो. दहापैकी निम्म्याहून अधिक गाण्यांत तोच एकाकी मुलगा, तीच न मिळालेली मुलगी आणि तीच हुरहूर आहे. जुन्या दिवसांकडे वळून पाहणारे ‘आय वॉज देअर’ आणि इतरांनी आपल्याला स्वीकारावे या धडपडीविषयीचे ‘रोड टू ॲक्सेप्टन्स’ अशी मोजकीच गाणी काय ती वेगळ्या वाटेची. यांतल्या पहिल्याचे शब्द ड्रमवादक जॉन किफमायर यांचे आहेत. ते वयाने थोडे मोठे होते आणि त्याच वर्षी पुढच्या शिक्षणासाठी बँड सोडून गेले.

आता प्रामाणिकपणाविषयी. बर्कलीतील ९२४ गिलमन स्ट्रीट ही १९८६ च्या वर्षअखेरीस सुरू झालेली, स्वयंसेवकांनी चालवलेली जागा या बँडचे माहेर होती. तेथे दारू नव्हती, सर्व वयांच्या मुलांना प्रवेश होता, आणि मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडला तेथे वाजवता येत नसे. रिप्राइज या मोठ्या कंपनीशी करार केल्यावर ग्रीन डेला ते दार बंद झाले. पुढे २०१५ मध्ये एका मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी ते तेथे पुन्हा वाजले. या फारकतीचे दुःख ज्यांनी सोसले त्यांचा राग मी समजू शकतो. परंतु तो राग १९९३-९४ च्या निर्णयाविषयी आहे. ‘डुकी’च्या अमेरिकेतच एक कोटीहून अधिक प्रती खपल्या, म्हणून १९९० ची दहा गाणी आपोआप अधिक खरी होत नाहीत, आणि खपल्या नसत्या तर ती कमी खरी झाली नसती. शिवाय ज्या छोट्या कंपनीला सचोटीचे प्रतीक मानले जाते, त्या लुकआउटने रॉयल्टी थकवल्यामुळेच २००५ मध्ये ग्रीन डेने आपले सुरुवातीचे अल्बम तिच्याकडून काढून घेतले. ‘छोटे ते सच्चे, मोठे ते भ्रष्ट’ ही मांडणी करणाऱ्यांच्या पत्रांत याचा उल्लेख नसावा, याचे मला आश्चर्य वाटले.

येथे एक गोष्ट जाता जाता नोंदवतो. सतरा वर्षांच्या मुलांचा अल्बम निघू शकला याला गिलमन स्ट्रीटचा ‘सर्व वयांना प्रवेश’ हा नियम बराचसा कारणीभूत होता. आपल्याकडे एनएच७ वीकेंडरसारखा महोत्सव २०१० मध्ये पुण्यातच सुरू झाला, तरी वर्षभर स्वतःची गाणी वाजवू पाहणाऱ्या बँडला बहुधा मद्य मिळणाऱ्या जागांचाच आसरा घ्यावा लागतो. राज्यात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षांची अट असल्यामुळे अकरावी-बारावीच्या मुलांना अशा बहुतेक ठिकाणी दारातूनच परत पाठवतात. नाटकवेड्या मुलांना या शहरात एकांकिका स्पर्धा आहेत. गिटार घेऊन बसलेल्या मुलांना तसे फारसे काही नाही. आपल्या पत्रलेखकांपैकी ज्यांना पहिल्या अल्बमांतला अस्सलपणा एवढा प्रिय आहे, त्यांनी या बाबीकडेही लक्ष दिले तर बरे होईल.

माझे स्वतःचे मत विचाराल तर ‘३९/स्मूथ’ हा मध्यम दर्जाचा अल्बम असून त्यात तीन गाणी उत्तम आहेत: ‘ॲट द लायब्ररी’, ‘डिसअपिअरिंग बॉय’ आणि ‘गोइंग टू पासालाक्वा’. ‘रेस्ट’ या एकाच संथ गाण्यात लय सैल पडते आणि तिघांनाही ते पेलत नाही. काही गाण्यांच्या मध्ये येणारे गिटारचे सोलो दुसऱ्या कोणाकडून उसने आणल्यासारखे वाटतात. पुढे बँडने त्यांचा सोस कमी केला, हे शहाणपणाचे झाले. किफमायर यांचा ठेका सरळ आणि प्रामाणिक आहे, परंतु त्यांच्यानंतर आलेल्या ट्रे कूल यांच्या वादनातली चपळाई त्यात नाही, आणि एकामागून एक गाणी सारखीच वाटतात याचे खापर मी कॉर्डपेक्षा ठेक्यावर अधिक फोडेन. या मतावर कोणी मला खोडून काढले तर ते वाचायला मला आवडेल, कारण तेव्हा निदान वाद गाण्यांविषयी होईल.

म्हणून संपादकांना एक विनंती आहे. हा विषय आपण पुढे चालवणार असाल तर पत्रलेखकाने आपण दहा गाण्यांचा मूळ अल्बम ऐकला, एकोणीस गाण्यांचा संच ऐकला की ‘डुकी’, हे पत्राच्या सुरुवातीलाच लिहावे आणि किमान एका गाण्याचा नावानिशी दाखला द्यावा, अशी अट कृपया घालावी. पत्रे कमी येतील, पण त्याला माझी हरकत नाही.

आपला,
एक वाचक
कोथरूड, पुणे