लॅपटॉपचा पडदाही पारखावा

मा. संपादक,

महाविद्यालयीन प्रवेशांच्या दिवसांत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील संगणक-बाजारात लॅपटॉपची चौकशी बहुधा प्रोसेसर आणि किमतीपुरतीच होते. स्वस्त यंत्रांत अजूनही १३६६ × ७६८ पिक्सेलचा, म्हणजे कमी चित्रबिंदूंचा, पडदा आढळतो. त्यावर संदर्भलेख आणि टिपणे शेजारी शेजारी उघडली की दोन्हींना जागा अपुरी पडते, शिवाय बारीक टंकातील जोडाक्षरे, रफार आणि अनुस्वार अस्पष्ट होऊन डोळे शिणतात. १५.६ इंची पडदा ऐसपैस खरा, परंतु विरारहून गर्दीच्या लोकलने बॅग पोटाशी धरून येणाऱ्या मुलीला त्याचे ओझे का? माझ्या मते १४ इंच आणि किमान १९२० × १०८० हाच मेळ योग्य. १९२० × १२०० मिळाल्यास उत्तम, कारण पानाच्या काही ओळी अधिक दिसतात. दुकानातच एखादी मराठी पीडीएफ उघडून पाहावी.

– एक प्राध्यापिका, विलेपार्ले