'एआय वापरता का?' एवढं विचारून भागत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

लेखकांच्या प्रकट मुलाखतींत हल्ली एक प्रश्न हमखास येतो : 'तुम्ही एआय वापरता का?' उत्तरही ठरलेलं असतं. 'छे, मुळीच नाही' किंवा 'थोडंफार, मदतीपुरतं'. टाळ्या पडतात, माईक पुढच्या श्रोत्याकडे जातो आणि वाचकाच्या हाती काही लागत नाही. विचारायला हवं ते हे : कोणत्या कामासाठी वापरलं, किती मजकुरावर, आणि आलेलं उत्तर कशाशी ताडून पाहिलं?

जपानी लेखिका रिए कुदान यांना जानेवारी २०२४ मध्ये अकुतागावा हा तिथला प्रतिष्ठेचा साहित्य पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा कादंबरीतला सुमारे ५ टक्के मजकूर चॅटजीपीटीचा जसाच्या तसा घेतल्याचं त्यांनी सांगितलं. गदारोळ झाला. पुढे त्यांनीच खुलासा केला की, कादंबरीतलं पात्र एआयला प्रश्न विचारतं, त्या उत्तरांपुरताच तो मजकूर आहे. पटो न पटो, किती आणि कुठे हे वाचकाला कळलं. आपल्याकडच्या 'थोडंफार' या उत्तरात नेमकं तेच नसतं.

आता वाचनाकडे. मे २०२५ मध्ये 'शिकागो सन-टाइम्स' या अमेरिकी दैनिकाच्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचायच्या १५ पुस्तकांची यादी आली. त्यातली १० पुस्तकं अस्तित्वातच नव्हती. लेखक मात्र खरे, इझाबेल अयेंदेंसारखे नामवंत. पुरवणी बाहेरून तयार होऊन आली होती आणि यादी एआयकडून घेतलेली, न तपासता. एआयमागचं भाषेचं प्रारूप (मॉडेल) पुस्तकांचं कपाट उघडून पाहत नाही. कोणता शब्द कोणत्या शब्दानंतर शोभतो, याचा अंदाज बांधत ते पुढे सरकतं. नामवंत लेखिका आणि तिला शोभेल असं नाव यांची जोडी त्याच्या लेखी बिनचूकच असते.

सारांशाचंही तेच. फक्त पुस्तकाचं नाव देऊन 'कथानक सांग' म्हटलं, तर गाजलेल्या पुस्तकाबद्दल बरं उत्तर मिळेल. हजारभर प्रतींच्या कथासंग्रहाबद्दल मिळेल ती चक्क नवी कथा. प्रकट मुलाखत घेणाऱ्यांनी अशा सारांशावरून प्रश्न काढू नयेत. 'तुमच्या नायिकेनं शेवटी घर सोडलं, त्याबद्दल...' असं विचारावं आणि ती पुस्तकभर घरातच असावी, यासारखी फजिती नाही. सारांश हवाच असेल, तर मजकूर स्वतः पुरवायचा, एका वेळी एकच प्रकरण द्यायचं आणि प्रत्येक विधानापुढे मूळ वाक्य अवतरणात मागायचं. मग ते वाक्य फाइलमध्ये जसंच्या तसं शोधायचं. सापडलं नाही, तर विधान बाद. सगळं पुस्तक एकदम ओतलं तर मधल्या प्रकरणांकडे दुर्लक्ष होण्याचा धोका असतो. सुरुवात आणि शेवट तेवढे नीट उतरतात.

मराठी मुद्रितशोधनासाठी ही साधनं वापरणाऱ्यांनी तर डोळ्यांत तेल घालून बसावं. 'शुद्ध करून दे' ही आज्ञा सर्वांत घातक, कारण साधन वाक्यच बदलतं. 'केलं'चं 'केले' होतं, वऱ्हाडी पात्राचं 'करून राहिला' म्हणजे 'करतो आहे' हे न उमगता तिथे भलतंच क्रियापद येतं आणि सगळी पात्रं एका सुरात बोलू लागतात. शिवाय 'प्रदान करणे', 'सुनिश्चित करणे' ही हिंदी वळणं चोरपावलांनी शिरतात. 'कवि', 'गुरु' असे ऱ्हस्वान्त शब्द हिंदीच्या सवयीनं येतात, तर 'कविसंमेलन' या समासात नको तिथे दीर्घ वेलांटी.

सर्वांत फसवी जागा अर्ध्या र ची. 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना, 'आचार्यांना' म्हणजे गुरुजनांना. 'दऱ्या' डोंगरातल्या, 'दर्या' म्हणजे समुद्र. युनिकोड या संगणकावर अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत हा ऱ्य दोन तऱ्हांनी लिहिला जातो : खाली टिंब (नुक्ता) असलेला ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह घालून. दुसऱ्या तऱ्हेत मजकूर इकडून तिकडे चिकटवताना ते जोडचिन्ह गळालं की दरीचा समुद्र होतो, आणि शब्द दोन्हीकडे शुद्ध असल्यामुळे संगणकातला शब्दतपासनीस तांबडी रेघ ओढत नाही. एका तऱ्हेनं शोधलं तर दुसरीतला शब्द सापडतोच असंही नाही. म्हणून आधी सगळी संहिता एकाच तऱ्हेत आणावी.

श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटातल्या फाइली तशाच देऊ नयेत. तिथे पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत साठवलेली चिन्हं वेगळीच असतात. युनिकोडमध्ये रूपांतर करावं आणि पहिली वेलांटी, रफार, जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावीत. घोळ तिथेच होतो. जुन्या छापील पानांवरून मजकूर स्कॅन करून उचलला असेल, तर 'ख'चा 'रव', 'घ'चा 'ध', 'भ'चा 'म' झालेला असतो. त्यातून जिथे अर्थ लागत नाही तिथे एआय स्वतःच्या मनचं वाक्य घालतं, तेही इतकं गुळगुळीत की संशय येऊ नये. मूळ पान शेजारी नसेल तर हे काम करूच नये.

बरी पद्धत ही : आठशे-हजार शब्दांचा तुकडा द्यावा. 'मजकुराला हात लावू नकोस. मूळ शब्द, सुचवलेला शब्द आणि कारण एवढी यादी दे' असं बजावावं. साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या १८ नियमांपैकी जो लागू आहे, तो सोबत चिकटवावा. आठवणीतून सांगितलेल्या नियमावर भिस्त ठेवू नये. यादीतली दुरुस्ती माणसानं हातानं करावी आणि शेवटी जुनी व नवी फाइल 'कंपेअर' करून पाहावी. न मागितलेला बदल तिथे उघडा पडतो.

अभिप्राय मागणाऱ्यांसाठी एवढंच, की 'माझी कथा कशी वाटली?' असं विचारलं की कौतुकच मिळतं. कथा आपली आहे हे न सांगता 'कोणत्या परिच्छेदात माहिती दुसऱ्यांदा आली?' असं विचारावं. त्याचं उत्तर निदान तपासता येतं.

आपल्या पुरवणीत येणाऱ्या 'सध्या काय वाचतोय' छापाच्या याद्यांत प्रत्येक पुस्तकापुढे प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष आणि पृष्ठसंख्या द्यावी, ही विनंती. मात्र ही माहिती प्रत हातात घेऊनच भरावी. हे तपशीलही एआय बेधडक बनवून देतं.

आपला,
एक मुद्रितशोधक