एकाच व्होल्टेजवर मोटार चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: ओलावा सेन्सरवर चालणारा पंप कंट्रोलर सदोष असल्याबाबत

महोदय,

आपल्या सेवा केंद्राशी आज झालेले बोलणे संपताच हे पत्र लिहीत आहे, कारण यापुढे दूरध्वनीवर बोलण्यात काही अर्थ उरलेला नाही.

नाशिकजवळ मखमलाबाद येथील माझ्या द्राक्षबागेत बसवलेला आपला कंट्रोलर सेन्सरचे व्होल्टेज 2.0 च्या वर गेले की मोटार चालू करतो आणि खाली आले की बंद करतो. माती सुकताना व्होल्टेज चढते, भिजताना उतरते, आणि सेन्सर ते चोख दाखवतो. मीटर लावून मी कोरड्या मातीत 2.6 आणि पाणी दिल्यावर 1.5 व्होल्ट मोजले आहेत. दोष आहे तो चालू आणि बंद या दोन्हींसाठी एकच आकडा ठेवण्यात. व्होल्टेज 2.0 च्या काठावर किंचित जरी हलले तरी रिले, म्हणजे कंट्रोलरमधला मोटार जोडणारा-तोडणारा स्विच, खटखटू लागतो. त्यात पाच अश्वशक्तीची मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते, त्यामुळे लाइनचे व्होल्टेज दबते, सेन्सरचा पुरवठा डळमळतो, आणि आपला कंट्रोलर त्या डळमळण्यालाच ओलावा समजून मोटार तोडतो. लाइन सावरली की तीच मोटार पुन्हा चालू करतो. थ्री-फेज वीज रात्रीच्या पाळीत असते तेव्हा हे पाहायला विहिरीवर कोणीही नसते. अखेर स्टार्टरमधील कॉन्टॅक्टरचे, म्हणजे मोटारीला वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचचे, पॉइंट जळून एकमेकांना चिकटले, मोटार रात्रभर चालू राहिली, आणि मण्यांत गोडी उतरण्याच्या ऐन दिवसांत बागेला नको तितके पाणी गेले. मणी तडकले आहेत.

हे सर्व आज आपल्या अभियंत्यांना सांगितले. त्यांनी विचारले, “सेन्सरमधून व्होल्टेज येतं का?” मी म्हणालो, येते. “मग सेन्सर चांगला आहे, तक्रार बंद करतो.” माझी तक्रार सेन्सरविषयी नाहीच, मोटार चालू होण्याचा आकडा 2.2 आणि बंद होण्याचा 1.7 असा वेगवेगळा हवा, असे मी शांतपणे समजावले, तेव्हा ते म्हणाले, “काका, हे टेक्निकल आहे, तुम्हाला नाही कळणार. घरात कोणी शिकलेलं असेल तर त्याला फोन द्या.” मी फोन दिला नाही. मग त्यांनी विचारले, “सेटिंगला हात लावला का? तसं असेल तर वॉरंटी गेली.” सेटिंग बदलण्याची सोयच आपल्या कंट्रोलरमध्ये नाही, हे त्यांना माहीत नव्हते! शेवटी “तुमच्याकडची लाइटच खराब आहे, स्टॅबिलायझर घ्या,” असे सांगून त्यांनी फोन ठेवला.

मातीची मूठ वळून वाफसा ओळखण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला फोन दुसऱ्याकडे द्यायला सांगणे हा अपमान आहे आणि मी तो अपमान म्हणूनच नोंदवत आहे. शेतातल्या लाइनचे व्होल्टेज स्थिर नसते, हे खोक्यावर “शेतीपंपासाठी” असे छापणाऱ्या कंपनीला ठाऊक असलेच पाहिजे. आपल्या नावावर विश्वास ठेवून मी शेजारच्या बागायतदारांनाही हाच कंट्रोलर घ्यायला सांगितले होते; आता तो काढून ठेवा, असे सांगावे लागत आहे.

चालू आणि बंद यांसाठी दोन वेगळे आकडे असलेला, आणि मोटार एकदा थांबल्यावर काही मिनिटे पुन्हा सुरू न करणारा कंट्रोलर मला बदलून द्यावा. पुन्हा लिहितो, दोन वेगळे आकडे. तोच सेन्सर बदलून पाठवू नये. कॉन्टॅक्टरचा खर्च व बागेच्या नुकसानीची भरपाईही मिळावी. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधील उत्पादन दायित्वाच्या तरतुदींनुसार नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. मोजलेल्या व्होल्टेजच्या नोंदी आणि जळालेला कॉन्टॅक्टर मी जपून ठेवला आहे.

आपला ग्राहक,
एक द्राक्ष बागायतदार, मखमलाबाद, नाशिक