धरणगावच्या भाऊंना, अमळनेरच्या काकूंकडून

भाऊ,

नाव लिहीत नाही. चारचौघांत कौतुक झालं की तुम्ही मान खाली घालून स्क्रू शोधायला लागता, ते मी पाहिलंय. पण माझा संगणक दुरुस्त केलात त्याचे आभार मानल्याशिवाय मला राहवत नाही. आणि काही जणांवरचा राग अजून उतरलेला नाही, तोही आज याच पत्रात निघणार.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर माझा संगणक बसला. लग्नपत्रिका करणाऱ्या बाईचं हे काय होतं, ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. आखाजीचा मुहूर्त म्हणजे गावोगाव मांडव. माझ्याकडे वधूपित्यांची रांग, आणि पडदा निळा होऊन त्यावर इंग्रजीत काहीतरी. संध्याकाळी जपून ठेवलेली पत्रिका सकाळी उघडायची नाही. उघडलीच तर मजकूर मोडलेला.

याच्या आधीची कथा जळगावची. संगणक हळू चालतो म्हणून तिकडे नेला, तर पहिल्या दुकानदाराने निदान केलं, "मेमरी फुल झालीय." आणि १ टीबीची हार्ड डिस्क बसवून दिली. बिलावर लिहिलं, मेमरी वाढवली. संगणक होता तसाच हळू. दुसऱ्याने ४ जीबीची आणखी एक रॅम घातली आणि "आता ८ झाली, पळेल बघा" म्हणून सांगितलं. पळाला नाहीच, उलट निळा पडदा तिथूनच सुरू झाला. परत नेला तर म्हणे मदरबोर्ड, म्हणजे आतली मुख्य पाटी, गेला, नवीन घ्या. हे सगळं सांगितलं कोणाला? माझ्या मिस्टरांना! ते शेतीवाले, त्यांना माउस हातात धरायचाही कंटाळा. काम मी करते, पैसे मी मोजते, प्रश्न मी विचारते, आणि उत्तर त्यांच्याकडे तोंड करून. एकाने तर स्पष्टच विचारलं, "घरात कोणी समजणारं नाही का?" पडदा स्वतःकडे वळवलेला, बोटं धाडधाड चालताहेत, आणि आम्ही काउंटरच्या अलीकडे उभे.

आमचं अमळनेर म्हणजे १९४५ साली जिथे वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून विप्रोची सुरुवात झाली ते गाव. त्या गावात राहून मला रॅम कशाशी खातात ते सांगणारा माणूस मिळेना. शेवटी भाचीने तुमचं नाव सुचवलं, सीपीयू पिशवीत घातला आणि पॅसेंजरने धरणगाव गाठलं.

तुम्ही वायरी जोडल्या, संगणक चालू केला, आणि खुर्चीवरून उठलात. म्हणालात, "काकू, आठे बठा. तुम्हीज दखा." इथे बसा, तुम्हीच बघा.

भाऊ, तुमच्या लेखी ही काही गोष्टच नसेल. पण इतक्या वर्षांत दुरुस्तीच्या दुकानात मला कोणी खुर्ची दिली नव्हती, आणि पडद्यासमोरची तर नाहीच. तुम्ही मागे स्टुलावर बसलात, हाताची घडी घालून. माउसला हात लावला नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायला सांगितलं. संगणकाच्या आत काय चाललंय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला, मेमरीवर मी क्लिक केलं, तुम्ही म्हणालात, "वाचा." मी चाचरत वाचत होते, चुकीच्या जागी क्लिक करत होते, आणि तुम्ही थांबत होतात. मागे दोन गिऱ्हाईकं ताटकळलेली. त्यातला एक कुरकुरला तेव्हा तुम्ही फक्त म्हणालात, "काकूंचं चाललंय ना." बस, एवढंच. घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या कानात होतं.

मग कळलं. रॅम ८ जीबी बसवलेली, पण वापरता येण्याजोगी जेमतेम ३ च्या पुढे, कारण माझं विंडोज ३२ बिटचं, आणि त्याची धाव ४ जीबीपर्यंतच. म्हणजे नवी रॅम घातली, पण संगणकाला ती धड वापरताच येत नव्हती. ज्याने ती विकली त्याला हे ठाऊक नव्हतं की ठाऊक असून विकली? काय समजायचं ते वाचणाऱ्यांनी समजावं.

हार्ड डिस्कचं कोडंही तुम्हीच सोडवलंत. "हार्ड डिस्क म्हणजे धान्याची कोठी, रॅम म्हणजे परात. कोठी केवढीही आणा काकू, परातीत मावेल तेवढंच पीठ मळता येतं." मला एवढ्यात समजलं. त्या जळगाववाल्याने परात मागणाऱ्या बाईला कोठी विकली होती!

नंतर तुम्ही पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट लावला. विंडोज सुरू न करताच तो रॅमच्या प्रत्येक घरात आकडा लिहितो, परत वाचतो, जुळला नाही की लाल ओळ. दोन्ही रॅम एकदम तपासल्या, मग एकेक काढून. जुनी ठणठणीत निघाली. नवीवर लाल ओळींची रांग. तुम्ही सांगितलं की या रॅममध्ये प्रत्येक आकडा म्हणजे विजेचा इवलासा साठा, तो सारखा गळत असतो, म्हणून ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. एखादं घर तेवढाही वेळ धरत नसेल तर एकाचा शून्य होतो. माझ्या पत्रिका तिथेच मोडत होत्या. मदरबोर्डला काही झालेलं नव्हतं.

पुढे ६४ बिटचं विंडोज, दुसरी रॅम, ते तुम्ही केलंत आणि ते चाललंय. खराब रॅम कागदात गुंडाळून, वर "खराब" लिहून परत दिलीत, "वॉरंटी असेल तर मागा" म्हणून. मागणार आहे. बिल सापडलंय, आणि या वेळी मिस्टरांना घरीच ठेवणार.

आपल्याकडे हुशार माणसांची वाण नाही, भाऊ. पण आपलं ज्ञान समोरच्याला दिसेल असं ठेवणारी माणसं थोडी. आमच्या गल्लीतल्या औषधवाल्या आजोबांचं तसं होतं, गोळी कशाची ते सांगितल्याशिवाय पुडी हातात द्यायचे नाहीत. बँकेत एक बाई आहेत, पासबुकातली प्रत्येक कपात बोटाने दाखवतात. अशांच्या काउंटरसमोर उभं राहिलं की आपण अडाणी वाटत नाही.

आखाजीच्या पत्रिका वेळेत गेल्या. तुमच्या बहिणीचं दिवाळीनंतर ठरतंय असं बोलता बोलता निघालं होतं. पत्रिका मी करणार. मजकूर पाठवा, पैशांचं काढू नका. तुम्ही तपासणीचे पैसे घेतले नाहीत तेव्हा मी तरी कुठे वाद घातला होता?

तुमची,
अमळनेरची काकू