सोयाबीनची मदत पेरणाऱ्यालाही मिळावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

2023च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांना पडलेल्या भावाची झळ सोसता यावी म्हणून राज्य शासनाने हेक्टरी 5,000 रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, जाहीर केले आणि सप्टेंबर 2024च्या अखेरीस ते खात्यांवर जमा होऊ लागले. ऐन ऑगस्टात पावसाने दडी मारलेल्या त्या वर्षाची मदत उशिरा का होईना आली, याचे समाधान आहेच. परंतु ती मोजण्याची आणि वाटण्याची रीत बदलायला हवी, असे मला कळकळीने वाटते.

हेक्टरी 5,000 म्हणजे एकरी 2,000 रुपये. 2024च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये असताना आमच्या लातूर भागात आडतीवर 4,200च्या आसपासच सौदे होत होते. शासकीय खरेदी सुरू होती, पण मालात जास्तीत जास्त 12 टक्के ओलाव्याची अट नोव्हेंबरात सैल होऊन 15 टक्क्यांवर येईपर्यंत, दिवाळीच्या आत बी-खतांची उधारी फेडायची असलेल्यांनी माल मिळेल त्या भावाने घालून टाकला होता. क्विंटलमागे सातशे रुपयांची तूट धरली तर एकरी पाच क्विंटल पिकवणाऱ्याचे 3,500 रुपये बुडाले आणि आठ क्विंटल पिकवणाऱ्याचे 5,600. क्षेत्रावर मोजलेली मदत मात्र दोघांना सारखीच ठरते. 2023 मध्येच कांद्याला क्विंटलमागे 350 रुपये अनुदान, 200 क्विंटलपर्यंत, विक्रीपट्टी, म्हणजे माल विकल्याची पावती, पाहून देण्यात आले होते. तीच पद्धत सोयाबीनला लावता येईल. मात्र तूट प्रत्येकाच्या पट्टीवरून न काढता अनेक बाजार समित्यांच्या सर्वसाधारण दरावरून काढावी, म्हणजे कागदावर भाव कमी दाखवून कोणाला फायदा उपटता येणार नाही.

याहून मोठी अडचण बटईची, म्हणजे दुसऱ्याची जमीन वाट्याने कसण्याची आहे. माझी चार एकर जमीन गावातील एक जण निम्म्या वाट्याने करतो. ई-पीक पाहणीच्या, म्हणजे शासनाच्या मोबाइल ॲपवर पिकाची नोंद करण्याच्या वेळी मी शहरात होतो; भर उन्हात बांधावर उभे राहून त्यानेच आपल्या मोबाइलवर पिकाचा फोटो काढला आणि माझ्या खाते क्रमांकावर नोंद केली. मदतीचे 8,000 रुपये आले ते माझ्या बँक खात्यात, कारण सातबाऱ्यावर नाव माझे आहे. बियाणे, फवारणी आणि मळणी यांचा निम्मा खर्च सोसणाऱ्या त्या माणसाचे नाव कुठल्याच यादीत नव्हते.

बटई लेखी करायला जमीनमालक धजत नाहीत, कारण कुळाचा हक्क, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर कायदेशीर हक्क, लागेल ही धास्ती पिढ्यान्‌पिढ्या मनात बसली आहे. ती दूर केल्याखेरीज हे सुधारणार नाही. ई-पीक पाहणीत ‘प्रत्यक्ष कसणारा’ असा रकाना असावा, ती नोंद केवळ त्या हंगामाच्या मदतीपुरती धरली जाईल व तीवरून कुळहक्क उद्भवणार नाही, असे शासनाने कायद्यानेच स्पष्ट करावे, आणि मालक व बटईदार यांच्या संमतीने रक्कम दोन खात्यांत विभागून जमा व्हावी.

आलेल्या रकमेतून मी 4,000 रुपये त्याच्या हाती दिले. ते दिले नसते, तर ते मागण्यासाठी त्याच्याजवळ कागदाचा एक चिठोराही नव्हता.

आपला,
एक सोयाबीन उत्पादक, जि. लातूर