अंद्रेट्टाला राहून कुंभारकाम करायला जाणाऱ्यांसाठी सूचना

हिमाचलमधल्या पालमपूरजवळच्या अंद्रेट्टा पॉटरीत काम लाल मातीवर स्लिप (पाण्यात कालवलेली पातळ माती) चढवून होतं, तेव्हा १२०० अंशांवरचं आपलं स्टोनवेअर ग्लेझ (जास्त आचेच्या भांड्यांवरचा काचेसारखा लेप) नेऊ नका; तिथल्या कमी आचेवर ते वितळणारच नाही.

पावसाळ्यात तिथे माती वाळता वाळत नाही. शेवटच्या भट्टीआधी किमान दहा दिवस चाकावरचं काम थांबवा. ओलं भांडं भट्टीत गेलं की आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतं, शेजारच्यांचीही फोडतं.

कपाचा कान लावताना कप आणि कान सारखेच ओले हवेत. कान जास्त ओला असेल तर तो जास्त आकसतो आणि सांध्यावर चीर पडते. जोड दिल्यावर रात्रभर प्लास्टिकखाली ठेवा. स्वतःची कापणीतार, स्पंज न्या. आणि हो, टॉर्च.