जबड्यासाठी पायाचे हाड: आधी नीट समजावून सांगा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

खर्र्याने (तंबाखू-सुपारी घोटून केलेल्या मिश्रणाने) तोंडाचा कॅन्सर होतो, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. (पानठेल्यावरची गर्दी त्याने हटलेली नाही, तो विषय वेगळा.) त्यापुढचे मात्र कोणी सांगत नाही. जबडा काढावा लागला की बऱ्याचदा रुग्णाच्याच पायाचे हाड तिथे बसवतात. हे ऐकूनच कित्येक जण ऑपरेशन नाकारून घरी परततात. ‘जबड्यासाठी पाय कशाले कापता? हाड गेलं त मानूस वावरातून गेला!’ मग झाडपाला सुरू. माझ्या मामेभावाचा अख्खा पावसाळा असाच गेला, आणि गाठ काही थांबून राहत नाही.

रुग्णालयाने त्याला सांगितलेच नव्हते असे नाही. ‘फिब्युला फ्लॅप करू, इथे सही करा,’ एवढे सांगितले होते. पुढच्या खेपेला एका शिकाऊ डॉक्टर मुलीने कागदावर पाय काढून दाखवला, तेव्हा कुठे तो तयार झाला.

गुडघ्याखाली दोन हाडे असतात. अंगाचा भार जवळजवळ सगळा नडगीच्या जाड हाडावर. बाहेरचे बारीक हाड म्हणजे फिब्युला, त्याचा फक्त मधला भाग घेतात. गुडघ्याकडचा आणि घोट्याकडचा पाच-सहा सेंटिमीटर भाग तसाच ठेवतात, म्हणून सांधे शाबूत राहतात. हाडासोबत त्याची रक्तवाहिनी आणि वरची थोडी कातडीही येते, यालाच फ्लॅप म्हणतात. हाड कापून त्याला जबड्याचा बाक देतात, टायटॅनियमच्या पट्ट्यांनी बसवतात आणि दोन-तीन मिलिमीटरची रक्तवाहिनी मायक्रोस्कोपखाली मानेतल्या रक्तवाहिनीला शिवतात. कातडी तोंडात आतून अस्तराला लागते. पहिले काही दिवस तिचा रंग सारखा बघत राहतात. रक्त गोठले तर पुन्हा थिएटर.

१७९३ साली पुण्यात एका कारागीर वैद्याने कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्या कातडीने उभे केले होते. ती कातडी एका टोकाला कपाळाशी जोडलेलीच ठेवली, तिथून रक्त मिळत राहिले. पायाचे हाड असे जोडून ठेवता येत नाही, म्हणून एवढा शिवणकामाचा खटाटोप.

नुसती धातूची पट्टी का नको, असेही लोक विचारतात. पुढे शेक (रेडिएशन) द्यावा लागला तर पट्टी कातडीतून बाहेर येण्याची भीती असते. रक्त खेळते असलेले हाड टिकते, लगतच्या हाडाशी सांधते. शिवाय ते आपलेच असल्याने शरीर नाकारत नाही. दुसऱ्याची किडनी बसवल्यावर लागतात तशा जन्मभराच्या गोळ्या नकोत.

पायाला काहीच होत नाही, अशी थाप मात्र कोणी मारू नये. घोटा आखडतो, अंगठ्याचा जोर कमी होतो. मामेभाऊ आज बंडी जुंपतो, पण धुऱ्यावरून जपून चालतो. काहींना पायाऐवजी छातीचा स्नायू कातडीसकट वर आणून लावतात. तेव्हा पुरुषांच्या तोंडात केस उगवतात, हेही आधी सांगायला काय हरकत आहे? नंतर आरशात बघून माणूस घाबरतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, त्यामुळे दरवेळी पैशावरच अडते असे नाही. कॅन्सरच्या ओपीडीत पायाच्या हाडांचे मोठे चित्र लावावे. आमच्या जिल्ह्यात कोलामी आणि गोंडी बोलणारे रुग्णही येतात, त्यांच्या बोलीत सांगणारे माणूस ठेवावे. ऑपरेशन झालेला, चालता-फिरता एखादा रुग्ण नव्या रुग्णाला भेटवला तर सहीसाठी आग्रहही करावा लागणार नाही. आणि तालुक्याच्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट बसवावा. घोट्याचा आणि तोंड उघडण्याचा व्यायाम रोजचा असतो, त्यासाठी यवतमाळ-नागपूरच्या एसटीचे भाडे मजुराने कुठून आणायचे?

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. आर्णी, जि. यवतमाळ